वॉल्टर काही बोलत नाही

दिवाळी अंक आला की आमच्या या सदरालाही नवे कपडे घालून पाटावर बसावे लागते. संपादकांनी फोन केला. ‘या वेळी राजकारण नको, महागाई नको. एखादी आवडती गोष्ट घ्या. वाचकांना फराळासारखी वाटली पाहिजे.’ मी म्हटले, ‘रॉक संगीताची एक तबकडी आहे, तिच्यावर लिहितो.’ पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, ‘लिहा. पण फार जोरात वाजवू नका.’

तेव्हा वाचकहो, भिण्याचे कारण नाही. मी ज्या तबकडीबद्दल लिहिणार आहे ती शेजाऱ्यांनी भिंत ठोकावी अशी नाहीच. तिचे नाव ‘द किंक्स आर द व्हिलेज ग्रीन प्रिझर्व्हेशन सोसायटी’. हे नाव एखाद्या नोंदणीकृत सहकारी संस्थेच्या पाटीसारखे वाटते, आणि तसे वाटावे हाच त्यातला विनोद आहे. व्हिलेज ग्रीन म्हणजे इंग्रजी खेड्याच्या मधोमध सगळ्यांच्या मालकीची असलेली हिरवळ. तिथे पोरे क्रिकेट खेळतात, म्हातारे बाकांवर बसतात, जत्रा भरते. आपल्याकडचा गावातला पार आणि देवळापुढचे पटांगण एकत्र केले तर जे होईल ते. ती हिरवळ जपणारी मंडळी, असा नावाचा अर्थ.

ही तबकडी इंग्लंडात २२ नोव्हेंबर १९६८ रोजी बाजारात आली. मुहूर्त काढणाऱ्याचे पंचांग तपासायला हवे होते, कारण त्याच दिवशी बीटल्सची पांढऱ्या वेष्टनातली जोड-तबकडी आली. थोरल्या वाड्यात लग्न असावे आणि त्याच दिवशी समोरच्या बिऱ्हाडात सत्यनारायण असावा, तशी गत. खपाच्या यादीत ही तबकडी इंग्लंडात कुठे दिसली नाही, अमेरिकेतही नाही.

माझी तिची गाठ पडली ती १९७१ च्या दिवाळीत, गिरगावातल्या आमच्या चाळीत. तिसऱ्या मजल्यावर माझा एक मित्र राहत असे. त्याचे नाव सांगत नाही. या लेखापुरते त्याला वॉल्टर म्हणू. का ते पुढे कळेल. वॉल्टरचा थोरला भाऊ मालवाहू बोटीवर होता आणि येताना काय काय आणी. त्यात ही तबकडी आली. वॉल्टरकडे तबकडी होती, पण वाजवायचे यंत्र नव्हते. आमच्याकडे बॅटरीवर चालणारा लहानसा रेकॉर्ड प्लेअर होता. तो आमच्या अण्णांचा. त्यावर बालगंधर्वांखेरीज कोणी फारसे वाजत नसे. अण्णा छापखान्यातून यायच्या आधी आम्ही दोघे गॅलरीच्या खिडकीशी बसून ही इंग्रजी गाणी ऐकत असू. एकदा फराळाच्या हातांनी तबकडी उचलली आणि ती निसटली. आईने चिवड्याचे तेल ओल्या फडक्याने पुसले, पण ओरखडा राहिला तो राहिलाच. ‘पिक्चर बुक’ या गाण्यात एका जागी सुई अडखळे आणि मागचाच शब्द पुन्हा म्हणे. पुढे १९९९ साली काळ्या घोड्याजवळच्या रिदम हाऊसमधून मी हीच गाणी सीडीवर घेतली. (ते दुकानही २०१६ साली बंद झाले.) सीडीवर ते गाणे कुठेही न अडखळता सरळ जाते, आणि दर वेळी अंधारात जिन्याची शेवटची पायरी चुकावी तसा मला धक्का बसतो.

अण्णांनी एकदा अवेळी येऊन आम्हाला पकडले. उंबऱ्यात चपला काढता काढता दोन मिनिटे ऐकले आणि म्हणाले, ‘हा माणूस गातोय की गप्पा मारतोय?’

आम्ही हसलो. पण पुढे पन्नास वर्षांत या गायकावर मी बरेच काही वाचले, आणि इतके नेमके वाक्य मला कुठे सापडले नाही. रे डेव्हिस गप्पाच मारतो. आवाज पातळ, किंचित नाकातला, कुणाला हाक मारायची नसून शेजारी बसलेल्याला सांगायचे आहे असा.

हा रे डेव्हिस आणि त्याचा भाऊ डेव्ह, लंडनच्या उत्तर भागातल्या मझवेल हिलकडचे. सहा बहिणींच्या पाठीवरचे हे दोघे भाऊ. १९६४ साली ‘यू रिअली गॉट मी’ या गाण्याने ते एकदम वर आले. डेव्हने त्या गाण्यासाठी आपल्या ध्वनिवर्धकाच्या कर्ण्याचा पडदा दाढीच्या पात्याने फाडला होता. तो गुरगुरणारा फाटका आवाज पुढे साऱ्या रॉक संगीताने उचलला. म्हणजे जोरात वाजवणे या मंडळींना येत नव्हते असे नाही. जोरात वाजवण्याची वाटच त्यांनी पाडली. मग १९६५ च्या उन्हाळ्यात ते अमेरिकेत गेले. तिथे त्यांचे भांडणतंटे इतके झाले की तिथल्या वादकांच्या संघटनेने त्यांना पुढे परवानाच नाकारला. १९६९ च्या ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे चार वर्षे, अमेरिकेचे दार बंद. ज्या काळात प्रत्येक इंग्रजी वाद्यवृंद अमेरिकन बोलीत गाऊन डॉलर आणत होता, त्या काळात हे घरी बसले. आणि घरी बसलेल्या माणसाला घर दिसू लागते. रे डेव्हिस चहा, बागा, करभरणी, आगगाडीचे स्टेशन, रविवारचे जेवण यांवर गाणी लिहू लागला.

इथे एक उपकथा सांगायचा मोह आवरत नाही, कारण ती मुंबईची आहे. १९६५ च्या जानेवारीत ही मंडळी ऑस्ट्रेलियाला जाताना मुंबईत उतरली होती. भल्या पहाटे किनाऱ्यावर कामाला निघालेले मच्छीमार एका सुरात काही म्हणत चालले होते, ते रेने ऐकले. तो सूर त्याच्या डोक्यात राहिला आणि त्याच उन्हाळ्यात त्याचे ‘सी माय फ्रेंड्स’ झाले. बीटल्सच्या गाण्यात सतार वाजली ती त्या वर्षाच्या डिसेंबरात. त्याच्या आधी काही महिने गिटारीवरच तंबोऱ्यासारखा सूर धरून या गड्याने आमच्या किनाऱ्याचा आवाज लंडनला नेला होता. हे मला कळले तेव्हा मी चाळ सोडून डोंबिवलीला आलो होतो. नाहीतर तेव्हाच गॅलरीत उभा राहून ओरडून सांगितले असते.

तर १९६८. त्या साली पॅरिसच्या रस्त्यांवर विद्यार्थी फरश्या उखडत होते, आणि संगीतातही ज्याच्या त्याच्या हातात मशाल होती. अशा वेळी रे डेव्हिस पहिल्याच गाण्यात यादी वाचतो ती कशाची? स्ट्रॉबेरीचा मुरंबा, चिनी मातीच्या कपबशा, कोपऱ्यावरची लहान दुकाने, जुनी मेजे, डोनाल्ड डक, शेरलॉक होम्स. हे सारे देव राखो, आणि कचेऱ्यांच्या उंच इमारती न येवोत. तरुणांनी तोंड फिरवले यात नवल नाही. वाटले, हा चोवीस वर्षांचा मुलगा पेन्शनरांच्या सभेत भाषण करतोय.

आणि आज? आज मखर तयार आहे. २०१७ साली रे डेव्हिस ‘सर’ झाला. २०१८ साली, पन्नास वर्षांनी, या तबकडीने ब्रिटनमध्ये एक लाख प्रतींचा सुवर्णदर्जा गाठला. दरम्यान २००४ साली ‘पिक्चर बुक’ संगणकाच्या छपाईयंत्राच्या जाहिरातीत वाजले आणि तीस-पस्तीस वर्षे ज्यांनी तिकडे पाहिले नव्हते त्यांनाही ते पाठ झाले. जाणकार आता तिचे कौतुक करतात. पण कौतुक कसले, तर ‘जुन्या इंग्लंडचा गोड मुरंबा’ म्हणून. माझी तक्रार इथेच आहे. पूर्वी तिला कोणी विचारले नाही. आता विचारतात ते बरणीवरची चिठ्ठी वाचून. झाकण उघडून चाखत कोणी नाही.

कारण आत गोड फार थोडे आहे. ‘व्हिलेज ग्रीन’ याच नावाचे गाणे घ्या. तबकडीतले हे सर्वांत जुने गाणे, १९६६ च्या नोव्हेंबरातले. त्यात हार्पसिकॉर्ड नावाचे वाद्य वाजते. दिसायला पियानोसारखे, पण आत तारा छेडल्या जातात, म्हणून अण्णा विचारीत, ‘ही सतार कोण वाजवतंय?’ गाणारा गावाच्या आठवणीने व्याकूळ झाला आहे. पण नीट ऐकले की कळते, गाव सोडून गेलेला तोच. नाव कमवायला तो शहरात पळाला, आवडती मुलगी मागे टाकली, तिने वाण्याच्या मुलाशी लग्न केले आणि ती सुखात आहे. गावात आता अमेरिकन प्रवासी येऊन घरांचे फोटो काढतात. म्हणजे हिरवळ ज्याने सोडली तोच हिरवळ जपणाऱ्या मंडळींचा चिटणीस! आणि आणखी गंमत अशी की मझवेल हिल हे काही खेडे नव्हे, लंडनचे उपनगर. रे डेव्हिसला सोडून यायला असे खेडे नव्हतेच. ते त्याने मनाने रचले, त्यात माणसे वसवली, आणि मग त्यांच्यासाठी तो झुरू लागला. कोकणात एकही पावसाळा न काढलेले आमचे मुंबईकर ‘आमचं गाव’ म्हणून जो गळा काढतात तो आठवा. मीही त्यातलाच.

त्या साली ऑगस्टमध्ये ब्रिटिश रेल्वेने आपल्या मुख्य मार्गांवरची वाफेची इंजिने बंद केली. ऑक्टोबरात रेने ‘लास्ट ऑफ द स्टीम-पॉवर्ड ट्रेन्स’ ध्वनिमुद्रित केले. हाउलिन वुल्फ या शिकागोच्या काळ्या गायकाच्या ‘स्मोकस्टॅक लाइटनिंग’ची चाल त्याने उघड उघड घेतली आहे. अमेरिकेच्या बंद दाराला लावलेला तो कान आहे, असे मला आपले वाटते. गाणारे खुद्द इंजिनच: जातवाल्यांतले शेवटचे, आता संग्रहालयात ठेवलेले. तोंडाचा बाजा शिट्टीसारखा वाजतो, गाणे हळूहळू वेग घेते, शेवटी तर असे धावते की वाटते हे काचेच्या दारातून बाहेर पडणार. पण ते जागचे हललेले नसते. जपून ठेवलेल्या वस्तूची इतकी चिडचिड मी दुसऱ्या कुठल्या गाण्यात ऐकलेली नाही. जपा, जपा म्हणणाऱ्यांच्या सभेत जपलेल्या वस्तूलाच बोलायला उभे करायचे! हे धैर्य मुरंबा घालणाऱ्याचे नव्हे.

बाकीची गाणी सारखी तोलाची नाहीत, हे भक्त असूनही मला कबूल केले पाहिजे. ‘फेनॉमिनल कॅट’ हे जगप्रवास करून आलेल्या लठ्ठ मांजराचे गाणे मला पहिल्यापासून बालिश वाटते, वॉल्टरला ते फार आवडे. ‘मोनिका’ येते आणि जाते. डेव्हने गायलेले चेटकिणीचे गाणे रात्री एकट्याने ऐकू नये एवढेच. ‘बिग स्काय’ मात्र थोर आहे. रे एकदा फ्रान्समध्ये कान येथे संगीत-व्यापाऱ्यांच्या मेळाव्याला गेला होता. हॉटेलच्या सज्ज्यातून सूर्योदय पाहताना ते त्याला सुचले. वर एवढे मोठे आकाश. त्याला खालच्या माणसांची दया येते, पण तेवढा वेळ नाही. देवाबद्दल इतके विनम्र आणि इतके तिरकस गाणे एकाच वेळी कसे होते ते मला अजून उलगडलेले नाही.

वाद्यांचेही एक सांगायला हवे. तबकडीवर सारंगी-बासरीच्या जातीचे जे आवाज ऐकू येतात ते बहुतेक मेलोट्रॉन नावाच्या यंत्राचे आहेत. दिसायला पेटी. प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा, त्यावर खऱ्या वादकाने वाजवलेला एकेक सूर. पट्टी दाबली की तो सूर फितीतून उठतो. किंचित थरथरता, किंचित शिळा. आठेक सेकंदांत फीत संपते आणि बोट उचलावे लागते. खऱ्या वादकांना बोलावण्यापेक्षा हे स्वस्त पडे. पण या गाण्यांना ते असे शोभते की पैसे असते तरी दुसरे काही वापरू नये.

पैशांवरून आठवले. रेला वीस गाण्यांची जोड-तबकडी हवी होती. कंपनी एवढ्याला तयार नव्हती. आधी बारा गाण्यांची तबकडी ठरली, काही देशांत ती निघालीही. पण इंग्लंडात रेने ती ऐन वेळी थांबवली, दोन गाणी काढली, पाच घातली आणि पंधरांवर तडजोड केली. काढलेल्यांत ‘डेज’ होते, जे त्याच उन्हाळ्यात इंग्लंडात बाराव्या क्रमांकापर्यंत चढले होते. गिऱ्हाईक ओढणारे एक गाणे हाताशी होते तेच त्याने बाहेर ठेवले! आणि थांबवाथांबवीत जी तारीख आली ती २२ नोव्हेंबर. आमच्या आईच्या भाषेत, हातातले टाकून पळत्याच्या मागे.

आता वॉल्टर. तबकडीतले दुसरे गाणे ‘डू यू रिमेंबर वॉल्टर?’. गाणारा जुन्या मित्राला विचारतो आहे: आठवते का, पावसात क्रिकेट खेळलो, चोरून सिगारेट ओढली, बोट घेऊन समुद्रावर जायचे बेत केले? आणि मग स्वतःच म्हणतो, तू आता जाडा झाला असशील, लग्न केले असशील, साडेआठला झोपत असशील. जुन्या गोष्टी काढल्या तर कंटाळशील. रेने पुढे सांगितले होते की एक जुना मित्र त्याला खरोखर भेटला आणि पाच मिनिटांत बोलायचे काही उरले नाही. ढोलाची ठोके देणारी सुरुवात, वर पियानोची घाई; आणि मधे ही शंका. अठराव्या वर्षी आम्ही दोघे ते मोठमोठ्याने म्हणत असू. आमचाही बेत होताच, भावाच्या बोटीवर जायचा. १९७५ साली वॉल्टर कॅनडाला गेला, विमानाने. तबकडी त्याची, तो घेऊन गेला. पहिली दोन वर्षे पत्रे आली. अण्णा १९७९ साली गेले तेव्हा मी त्याला कळवले होते; उत्तर आले नाही. त्यानंतर मीही लिहिले नाही. सतराव्या-अठराव्या वर्षीच्या मैत्रीवर माणूस रुसतो तेव्हा तो मोठा पक्का रुसतो.

गेल्या वर्षी जानेवारीत तो भाचीच्या लग्नाला आला आणि कुठूनसा माझा नंबर मिळवून डोंबिवलीला आला. जाडा झाला नव्हता. मीच झालो होतो. तासभर आम्ही रक्तातल्या साखरेवर, गुडघ्यांवर आणि चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमधल्या भावांवर बोललो. मग मी मोठ्या ऐटीत उठून ती सीडी लावली. दुसरे गाणे सुरू झाले. मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

‘छान आहे,’ तो म्हणाला. ‘कोणाचं रे?’

‘अरे, तुझीच तबकडी ना? तू घेऊन गेलास ती!’

‘मी? असेल बुवा. तिकडे घरं बदलताना एवढं सामान गेलं...’

मी गप्प बसलो. गाण्यातल्या गाणाऱ्याला जे भय होते ते माझ्या दिवाणखान्यात चहा पीत बसले होते. त्या क्षणी मला या तबकडीचा अभिमानही वाटला, लबाडी कशाला करा. बघा, सगळे आधीच लिहून ठेवले आहे! पण त्याच वेळी एक गोष्ट मला पहिल्यांदा सुचली, इतक्या वर्षांत कधी न सुचलेली. त्या गाण्यात वॉल्टर काही बोलतच नाही. तो जाडा झाला, तो कंटाळला, तो साडेआठला झोपतो हे सगळे गाणाराच परस्पर ठरवतो. त्याला विचारतो आणि उत्तराला थांबत नाही.

मी थांबलो. थांबलो म्हणजे काय, बोलायला काही सुचत नव्हते. सीडी आपली चालली होती. ‘पिक्चर बुक’ झाले, इंजिनाचे गाणे झाले, आकाशाचे झाले. हार्पसिकॉर्ड वाजू लागले तसा वॉल्टर एकाएकी म्हणाला,

‘हे तुमच्याकडे वाजायचं. अण्णा ऐकायचे.’

‘अण्णा? छे. अण्णांना हे मुळीच आवडत नसे.’

‘अरे, तू आत असायचास. काकूंना पाणी भरायला मदत करायचास ना संध्याकाळी? मी बाहेर बसलेला असायचो. अण्णा उंबऱ्यात बसून चपला काढायचे आणि तसेच बसायचे. पायानं ताल धरायचे. तू आलास की उठायचे.’

मी त्याला दोनदा विचारले. एकदाच की नेहमी? नेहमी, म्हणाला. उजवा पाय की डावा हेसुद्धा मी विचारले असते, पण बायको जेवायला हाक मारत होती. त्याला काही पिठले-भाकरी खायची होती. जेवताना मी पुन्हा विषय काढला. ‘कुठल्या गाण्याला रे? हे शेवटचं वाजलं त्याला, की दुसऱ्या कुठल्या?’

‘आता ते कोण लक्षात ठेवतो,’ वॉल्टर म्हणाला आणि त्याने ठेचा मागितला.